शेपटाची झाडं

ओळी सव्वीस. प्रत्येक ओळीत संत्र्याची बारा झाडं, म्हणजे झाडं तीनशे बारा. कुदळी दोन, त्यातल्या एकीचा दांडा तारेनं आवळलेला. फावडं एक. घमेली तीन, पैकी एकाच्या बुडाला भोक आणि भोकात चिंधी कोंबलेली. राबणारी माणसं चार: सासरा, सासू, त्यांचा मुलगा आणि मुलाची बायको. त्या सकाळी बांधावर आणखी दोन माणसं उभी होती. एक होता बागखात्याचा तपासनीस. काखेत नकाशाची गुंडाळी, हातात औषधाच्या पाण्याची बादली. दुसरा होता खालच्या बागेचा मालक. तक्रार त्यानंच केली होती, त्यामुळं तो कुणाच्या नजरेला नजर न देता झाडांकडं बघत होता.

तक्रार खोटी नव्हती. यंदा पानं टोकाकडून पिवळी पडत होती आणि फळ सुपारीएवढं होऊन गळत होतं. बाग डोंगराच्या उतारावर, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलेली. एकेका पायरीवर एकेक ओळ. वरचं सांडपाणी खालच्या बागेत जायचं. वरच्यांची मुळं कुजली असतील तर ती कूज पाण्याबरोबर खाली येणार, एवढं साधं त्याचं म्हणणं होतं. खात्याचा नियमही साधाच होता. तीनात एकापेक्षा जास्त झाडं कुजलेली निघाली तर सगळी बाग उपटून जाळायची आणि पाच वर्षं त्या जमिनीत संत्रं लावायचं नाही. त्याहून कमी निघाली तर आजारी तेवढी काढायची, बाकीच्यांना औषध.

झाडं बावीस वर्षांची होती. सासऱ्यानं ती हातानं लावली होती.

"साहेब, या, इकडून सुरू करू," सासरा म्हणाला. "ही विहिरीजवळची बघा. मूळ कसं असतं ते कळेल."

"विहिरीजवळची कशाला?" खालचा मालक पहिल्यांदाच बोलला. "ती तर फोटोला उभी केल्यासारखी आहेत. रस्त्याकडची उकरा, पिवळी पडलेली."

"तू गप रे. बाग तुझी का माझी?"

"पाणी माझ्याकडं येतं ना?"

तपासनिसानं बादली खाली ठेवली. वयानं तो तिशीतला, पण चष्मा नाकावर घसरला की हेडमास्तरासारखा दिसायचा. "आबा, तुम्ही दाखवाल ती सगळी चांगली निघतील. भाऊ दाखवतील ती सगळी वाईट. मला दोन्ही नकोत. दिवसभरात किती खड्डे होतील?"

"दोन कुदळी," मुलगा म्हणाला. तो कमी बोलायचा. "पंचवीस. फार तर सव्वीस."

तपासनिसानं नकाशा बांधावर पसरून चार दगड ठेवले. प्रत्येक झाडाला नंबर होता. नंबर सासऱ्यानंच घातलेले, पाणी जसं चालतं तसे. "तीनशे बाराला सव्वीसनं भागलं की बारा. म्हणजे दर बारावं झाड उकरायचं. बारा, चोवीस, छत्तीस, असं शेवटपर्यंत. इथं कुणाची निवड नाही. आकडा नेईल तिकडं जायचं. चालेल?"

सासऱ्यानं विचार केला आणि मान हलवली. खालच्या मालकानंही हलवली. यात लबाडीला जागाच दिसत नव्हती. सुनेलाही दिसली नाही. तिनं पदर खोचला आणि चिंधीचं घमेलं स्वतःकडं घेतलं, कारण ते नेहमी तिलाच यायचं.

मूळ बघायचं म्हणजे झाडाला दुखवायचं नाही. बुंध्यापासून हातभर लांब, आळ्याच्या आत, गुडघाभर खोल उकरायचं. वरचा थर कुदळीनं, खालचा खुरप्यानं, शेवटचा बोटांनी. मग तपासनीस ओणवा व्हायचा, बारीक मुळं चिमटीत धरून ओढायचा. निरोगी मूळ ओढलं तर ताणतं. कुजलेल्याची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. वास आंबूस. प्रत्येक खड्ड्यानंतर कुदळ, खुरपं आणि तपासनिसाची बोटं औषधाच्या पाण्यात बुडायची. चांगल्या झाडाच्या बुंध्याला चुन्याचा ठिपका, आजाऱ्याला लाल पट्टा.

बारा नंबरला साल हातात आली. लाल. चोवीसला लाल. छत्तीस चांगलं. अठ्ठेचाळीस लाल. आकडा त्यांना खरंच कुठंही नेत होता. एकदा उताराच्या उजव्या कडेला, मग डाव्या, पुन्हा उजव्या, आणि दर वेळी एक पायरी खाली. तपासनीस चालता चालता म्हणाला, "बघा, बाग कशी सगळीकडून चाळली जातेय," आणि त्याच्या आवाजात समाधान होतं.

साठ नंबरलाही साल निघाली तेव्हा सासरा उठून उभा राहिला.

"पाणी साचून कुजलंय हे," तो म्हणाला. "मी तरी किती बघणार? शेपटाला ही असते. हाळी वेळेवर दिली तर मी दारं मोडीन ना! हिची हाळी उशिरा."

सगळे सुनेकडं बघायला लागले. पाणी द्यायची त्यांची रीत अशी होती. ओळीच्या एका तोंडाला सासरा उभा राही आणि पाट फोडून पाणी ओळीत सोडी. ते एकेक आळं भरत बाराव्या झाडाला पोचलं की दुसऱ्या टोकाला, म्हणजे शेपटाला, उभी असलेली सून हाळी देई, आणि सासरा मातीचं ढेकूळ टाकून दारं मोडी, म्हणजे पाणी बंद करी. लग्न होऊन आल्यापासून हे काम तिचं. तिची हाळी खालच्या बागेच्याही खाली, रस्त्यापर्यंत जायची. आजूबाजूचे लोक तिला कर्णा म्हणायचे.

"एवढा मोठा कर्णा," खालचा मालक हसत म्हणाला, "आणि उशिरा वाजतो होय?"

सुनेनं घमेल्यातली माती बांधावर रिकामी केली. नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा कुदळ उचलली. सासूनं तांब्या पुढं केला. "पी," ती म्हणाली. "ऊन लागतंय."

दुपार झाली. तेरा खड्डे झाले, आठ लाल. पुढं सोळा, दहा लाल. सासरा आता खड्ड्याजवळ येतच नव्हता. जरा लांब उकिडवा बसून दोन्ही हातांनी पायाचे घोटे धरी, आणि तपासनीस ओणवा झाला की दुसरीकडं बघे. मुलाच्या तळहाताला फोड येऊन फुटला होता. दांड्यावर ओला डाग पडत होता.

अठराव्या खड्ड्यापाशी सुनेनं घमेलं टेकवलं ते एका दगडावर. चपटा, मधे गुळगुळीत झालेला. तिनं ते बघून टेकवलं नव्हतं. हात आपोआप तिकडं गेला होता. पाणी यायची वाट बघत ती ज्या दगडावर बसायची तो हा दगड. मग तिला आठवलं, सतराव्या खड्ड्यापाशीही तिनं घमेलं असंच ठेवलं होतं, न बघता. तिथं दगड नव्हता, तिथं बांध तिच्या टाचांनी खचून पायरी झाली होती. सोळाव्यापाशी ती ज्या फांदीला धरून उभी राहते ती फांदी होती, साल घासून चकचकीत झालेली.

ती जागीच थांबली. तिनं वर पाहिलं. उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं, वरपर्यंत उकरलेली ताजी माती दिसत होती, आणि त्या प्रत्येक ढिगाजवळ तिची जागा होती. विषम ओळींना डावा पाट, सम ओळींना उजवा. म्हणून ती एकदा उजव्या टोकाला उभी राही, एकदा डाव्या. आज सकाळपासून हा माणूस आकड्याचं बोट धरून बागभर हिंडला होता, आणि तिच्या पावलांबाहेर एकदाही पडला नव्हता.

कुणी त्याला तिकडं नेलं नव्हतं. कुणाच्या मनात काही नव्हतं. तरीही.

सव्वीस खड्डे पुरे झाले तेव्हा ऊन कलतं होतं. लाल सोळा, पांढरे दहा. तपासनीस बांधावर मांडी घालून बसला आणि पेनाचं टोपण काढून वही उघडली. तीनात एक म्हणजे सव्वीसात आठ-नऊ, हे सगळ्यांनीच मनात केव्हाचं करून ठेवलं होतं.

"आबा, मला वाईट वाटतं," तो म्हणाला.

"साहेब," सून म्हणाली, "तुम्ही बाग बघितलीच नाही."

तिचा आवाज मोठाच निघाला. तिला हळू बोलता येत नव्हतं.

"घरी जा," सासरा म्हणाला.

"बघितली नाही म्हणजे?" तपासनिसानं मान वर केली. त्याला राग आला नव्हता, थकला होता. "सव्वीस झाडं उकरली की, ताई. माती तुम्हीच उचललीत."

"तेच सांगतेय. सगळी माती माझ्याच जागेची. तुम्ही सव्वीस वेळा शेपटाचं झाड उकरलंत. ओळीचं तोंड नाही, पोट नाही, नुसतं शेपूट. आमची ओळ बाराची आहे साहेब, आणि तुम्ही बारानं मोजलंत."

तपासनीस तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं नकाशा ओढला, बारावर बोट ठेवलं, चोवीसवर ठेवलं.

"पण मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला.

"मी कुठं मुद्दाम म्हणते? दोन वर्षांपूर्वी एक मोजणीवाल्या बाई आल्या होत्या. फार भल्या. भर उन्हात दारोदार फिरल्या, एक घर सोडलं नाही. प्रत्येक घरात जी बाई भेटेल तिला विचारलं, तुम्ही शेतात जाता का? ज्या शेतात गेल्या होत्या त्या घरी कशाला भेटतील? भेटल्या त्या बाळंतिणी आणि म्हाताऱ्या. त्यांनी लिहून नेलं, इथल्या बायका शेतात काम करत नाहीत. त्यांनीही मुद्दाम नाही केलं."

सासू फस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावला. "खरंय. मला विचारलं होतं. माझा पाय मोडला होता तेव्हा."

तपासनीस हसला नाही. "ते वेगळं, ताई. ती माणसं वेगवेगळी होती. इथं झाडं एकाच वयाची, एकाच रोपवाटिकेची, पाणी सगळ्यांना एकच. शेपटाचं झाड पोटातल्यापेक्षा वेगळं असायला काही कारण हवं. आबा सकाळी म्हणाले तसं तुम्ही हाळी खरंच उशिरा देता का?"

सुनेनं सासऱ्याकडं पाहिलं.

खरं कारण तिला माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं. ती पहिली हाळी देते तेव्हा पाणी बाराव्या आळ्याच्या काठाशी असतं. सासरा तोंडाशी तसाच उभा असतो, हात कमरेवर. ती दुसरी देते. मग तिसरी, जी रस्त्यापर्यंत जाते आणि जिच्यामुळं तिचं नाव कर्णा पडलं. तोवर शेपटाचं आळं फुटून वाहत असतं. हे ती चारचौघांत, या शेजाऱ्यासमोर, सासऱ्याच्या तोंडावर कसं सांगणार? ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"असेल काही कारण तर सांगा," तपासनीस म्हणाला. "नुसतं वाटतं म्हणून मला वही मिटता येणार नाही."

सासरा उठला. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. तो बांधाजवळ आला आणि तपासनिसाकडं न बघता मान खाली घातलेल्या त्या बारक्या सुनेकडं बघत म्हणाला,

"मला कमी ऐकू येतं."

मुलानं हातातली कुदळ खाली ठेवली.

"सात-आठ वर्षं झाली. हिची पहिली हाळी मला येत नाही. दुसरी आली तर आली. ही वेळेवर देते." तो थांबला. "मी सकाळी खोटं बोललो. लिहा ते."

खालच्या मालकानं घसा खाकरला आणि जमिनीवरची एक काडी उचलून तिचे तुकडे करू लागला.

तपासनिसानं काही लिहिलं नाही. तो नकाशावर ओणवा झाला आणि पेनाच्या टोकानं दर बाराव्या झाडावर बारीक फुली मारत गेला. सव्वीस फुल्या झाल्यावर त्यानं नकाशा हात लांब करून धरला. फुल्या दोन कडांना चढलेल्या होत्या. मधली सगळी बाग कोरी होती.

"अकरानं मोजलं असतं तरी," तो स्वतःशीच म्हणाला, "किंवा तेरानं. दर ओळीत वेगळ्या जागी थांबलो असतो. बारानंच का..." त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला, जणू दोष काचेचा असावा. "नऊ वर्षं मी असंच मोजतोय."

"मग उद्या काय?" खालचा मालक म्हणाला. "आता यांना हवी ती झाडं काढायची? वा!"

"कुणाला हवी ती नाहीत," सून म्हणाली. "दोन मडकी घ्यायची. एकात ओळीच्या चिठ्ठ्या, सव्वीस. दुसऱ्यात झाडाच्या, बारा. एक यातली, एक त्यातली. जी जोडी येईल ते झाड. चिठ्ठ्या परत टाकायच्या, हलवायचं, पुन्हा काढायच्या."

"आणि काढणार कोण?"

"तुम्ही, भाऊ."

तपासनीस वही मिटत म्हणाला, "मी सकाळी येतो."

चिठ्ठ्या सासूनं कापल्या, फळांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या. सून भराभर फाडायला लागली तेव्हा सासूनं तिच्या हातातून पुठ्ठा काढून घेतला. "एक मोठी एक बारकी झाली तर बोटाला कळतं. त्या माणसाची बोटं काय साधी आहेत?" तिनं एक चिठ्ठी कापली आणि बाकीच्या सदतीस तिच्यावर ठेवून ठेवून कापल्या. सासरा उंबऱ्यावर बसला होता. एकदा तो म्हणाला, "वाईटच आली तर?" सासू कापत राहिली, आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही. बांधावर कबूल केल्यापासून तो घरातही हळू बोलत होता, लोक जसे देवळात बोलतात तसा.

सकाळी मडकी बांधावर ठेवली. खालच्या मालकानं बाही कोपरापर्यंत सारली, मडकं कानाजवळ नेऊन हलवलं, हात आत घातला, तळ ढवळला, एक चिठ्ठी धरली, सोडली, दुसरी धरली.

"अहो, लग्नाची मुलगी बघताय का?" सासू म्हणाली. "काढा की."

"सातवी ओळ," त्यानं वाचलं. दुसऱ्या मडक्यातून, "चौथं झाड."

सासरा एक पाऊल पुढं आला. सातव्या ओळीतलं चौथं हे बागेतलं सगळ्यांत भरणारं झाड. त्याच्या आळ्यात तो कुणाला चप्पल घालून जाऊ द्यायचा नाही. "ते सोडून..." तो म्हणाला, आणि तोंड मिटलं.

"नाही, आबा," तपासनीस म्हणाला. "ते सोडलं की मग सगळंच सुटलं."

चिठ्ठ्या येत गेल्या. एकविसावी ओळ, नववं. तिसरी, अकरावं. मग पुन्हा सातवी, पाचवं, अगदी लागून.

"हे काय? शेजारी शेजारी?" खालचा मालक आपल्याच हाताकडं संशयानं बघू लागला.

"येतं असं," तपासनीस म्हणाला. "आपण सारखं वाटायला बसलो असतो तर आलं नसतं. मडक्याला शेजार कळत नाही."

चौदावी ओळ चार वेळा आली. पाचवी आणि एकोणिसावी आलीच नाही. सासरा त्या दोन ओळींच्या वतीनं नाराज झाला. "पाचवीनं काय केलंय? एक तरी घ्या पाचवीचं." सून ऐकत होती आणि तिला चमत्कारिक वाटत होतं. या बागेबद्दल प्रत्येकाला काही ना काही हवं होतं. सासऱ्याला तोंडाकडची झाडं माहीत, तिला शेपटाकडची. शेजाऱ्याला पिवळी दिसायची, नवऱ्याला ज्यांची फळं उतरवायची ती. बावीस वर्षांत सगळ्या बागेकडं सारखं कुणी बघितलंच नव्हतं. आता ती दोन मडकी बघत होती, ज्यांना डोळे नव्हते आणि काही नकोही होतं. तिनं नकळत हात जोडल्यासारखे छातीशी धरले आणि मग ते लक्षात येऊन पदराला पुसले.

सव्वीस जोड्या झाल्या. त्यांतली दोन शेपटाची झाडं कालच उकरलेली निघाली, एक लाल, एक पांढरं. उरली चोवीस.

सातव्या ओळीच्या चौथ्या झाडाला कुदळ सासऱ्यानं स्वतः लावली. वरचा थर काढला आणि मुलाला मागं सारून तो पालथा झोपला. बोटांनी माती बाजूला करू लागला. गुडघाभर खाली फिकट, दोऱ्यासारख्या मुळांचं जाळं लागलं. इतकं दाट की बोट आत जाईना. तपासनिसानं एक ओढलं. ते ताणलं, सुटलं आणि जागेवर परत गेलं. वास फक्त ओल्या मातीचा.

सासरा तसाच पडून राहिला. "एवढं असतं खाली?" तो म्हणाला. "मी कधी बघितलंच नव्हतं."

"पांढरा ठिपका," तपासनीस म्हणाला, आणि त्यालाही लगेच उठवेना.

मग पांढरं. पांढरं. तिसऱ्या ओळीच्या अकराव्याला साल हातात आली, लाल. पण पुढचं पांढरं, त्यापुढचंही. आज ढीग बागेच्या पोटात पडत होते. कुठं दोन जवळ, कुठं लांबवर एकही नाही, चालताना पाय कुठं वळतील ते आधी कळत नव्हतं. कालच्यासारखी वाट पायांना पाठ होत नव्हती. खालचा मालक बांधावर बसायचा सोडून प्रत्येक खड्ड्याशी येऊन वाकत होता. दुपारनंतर त्यानं घमेलंही उचललं, ते नेमकं चिंधीचं निघालं आणि अर्धी माती त्याच्या पायावर सांडली.

"ते माझं आहे," सून म्हणाली. "ते धरायची रीत वेगळी."

बाविसाव्या ओळीच्या सहाव्याला पुन्हा लाल. ते झाड वरून हिरवंगार होतं, फळानं लगडलेलं. त्याच्याकडं बोट दाखवून सासू हळूच म्हणाली, "बाई, बाई. कळतं का वरून काही?"

शेवटचा खड्डा ऊन असतानाच संपला. तपासनिसानं वही उघडली.

"सव्वीस झाडं," त्यानं वाचलं. "कुजलेली तीन, कालचं धरून. तिनाला बारानं गुणलं की छत्तीस. तीनशे बारात साधारण छत्तीस."

"बरोब्बर छत्तीस?" मुलानं विचारलं.

"नाही. पंधरा असतील, सत्तर असतील. फार ताणलं तर नव्वद. पण बाग उपटायला एकशे पाच लागतात, आणि तेवढी असती तर आज आठ-नऊ सापडायला हवी होती. तीनच सापडण्याइतकं नशीब क्वचित कुणाचं असतं." त्यानं खाली सही केली. "बाग राहील. आता सगळी झाडं एकेक करून उकरा, आजारी काढा, जाळा. शेपटाकडून एक चर खणा, म्हणजे भाऊंच्या बागेत पाणी जाणार नाही."

सासूनं डोळे टिपले. मुलानं फुटलेला फोड तोंडात धरला. खालचा मालक स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून बघत होता.

"माझ्याच हातानं काढल्या," तो म्हणाला. "मला तर पिवळीच हवी होती."

"म्हणूनच भाऊ," सून म्हणाली.

सासरा तिच्याजवळ आला. काहीतरी सांगायचं होतं, पण तो आधी पाटाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "परवा पाण्याची पाळी आहे. शेपटाला मी उभा राहतो. माझा आवाज काही कमी नाही. दारं तू मोड."

"बरं," ती म्हणाली, आणि त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं, "बरं, आबा."

"ऐकलं की. ओरडतेस काय?"

उरलेली दोनशे बासष्ट झाडं त्या चौघांनी दहा दिवस उकरली आणि अकराव्या दिवशी दुपारी संपवली. मधे दोन दिवस खालचा मालक आपली कुदळ घेऊन आला. प्रत्येक झाडाचं मूळ सुनेनं स्वतः ओढून पाहिलं आणि चुना किंवा लाल रंग लावला. शेवटच्या दिवशी तपासनीस आला. पहिल्या ओळीपासून सव्विसाव्यापर्यंत तो आणि ती एकेका बुंध्याला हात लावत चालले, ती मोठ्यानं म्हणत गेली आणि तो लिहीत गेला. खाली बांधावर आल्यावर त्यानं बेरीज केली, ती तिच्याकडून पुन्हा करून घेतली आणि नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं:

झाडं तीनशे बारा. कुजलेली एकेचाळीस. त्यांपैकी शेपटाची सोळा.